आम्ही कुठले पर्यावरणवादी!

विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात, सकाळी कुठल्याही जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला नजर टाका. कपड्यांच्या दोरीवर, टॉवेल आणि शाळेच्या गणवेशाच्या मधोमध, चिमट्याला लटकलेल्या दुधाच्या पिशव्या दिसतील. कोपरा कापलेल्या, आतून धुतलेल्या, वाळत घातलेल्या. भरपूर जमल्या की त्या रद्दीवाल्याकडे जातात. आमच्या शेजारच्या काकू हे गेली चाळीस वर्षं करताहेत. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं. जुन्या सुती साडीची गोधडी होते, गोधडी विरली की तिचं पायपुसणं होतं आणि पायपुसण्याचा अगदी चोथा झाला की ते मोरी पुसायला जातं. भाजीला निघताना कापडी पिशवी काखेत असतेच, त्यांना कधी आठवण करून द्यावी लागत नाही.

या लेखाच्या निमित्तानं मी त्यांना विचारलं, “काकू, तुम्ही स्वतःला पर्यावरणवादी म्हणाल का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “आम्ही कुठले पर्यावरणवादी! आपलं घरातलं आहे हे. वाया घालवायचं नाही, एवढंच.”

त्यांचं हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. कारण गेली काही दशकं मानसशास्त्रज्ञ नेमक्या याच प्रश्नामागे आहेत. माणूस स्वतःला कोण समजतो, यावर तो पर्यावरणासाठी काय करायला तयार होईल, हे किती अवलंबून असतं? त्यांना जे सापडलं ते वाचल्यावर काकूंच्या त्या नम्र नकाराची मला काळजी वाटू लागली.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात एलन व्हॅन डर वेर्फ, लिंडा स्टेग आणि केस काइझर यांनी या विषयावर सलग काम केलं आहे. ‘मी पर्यावरण जपणारा माणूस आहे’ ही स्वतःविषयीची जाणीव त्यांनी स्वतंत्रपणे मोजली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एक साखळी दिसते. निसर्गाविषयी आस्था ही पहिली कडी. पण आस्थेतून कृती थेट निघत नाही. मधे एक कडी लागते, ती या ओळखीची. ज्यांची ही ओळख पक्की, त्यांच्यापुढे बक्षीस किंवा दंड ठेवावा लागत नाही. तसं वागलो नाही तर आपण आपल्यालाच चुकलो, असं त्यांना वाटतं. निसर्ग तर जवळपास सगळ्यांनाच आवडतो, पण ही मधली कडी सगळ्यांकडे नसते.

ओळख येते कुठून? आपल्याला वाटतं, आधी मन बनतं आणि मग हात चालतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी १९६०च्या दशकात याच्या उलटही घडतं असं मांडलं. आपण कोण आहोत हे आपण पुष्कळदा आपल्याच वागण्याकडे बघून ठरवतो, जसं दुसऱ्याविषयी ठरवतो तसंच. त्याच सुमारास, १९६६ साली, जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. घराच्या अंगणात ‘गाडी जपून चालवा’ असा भलामोठा, ओबडधोबड फलक लावू द्याल का, असं त्यांनी घरोघर विचारलं. ज्यांना हा प्रश्न थेट विचारला, त्यांच्यातले १७ टक्के तयार झाले. काहींना दोन आठवडे आधी सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलची एक छोटी चिठ्ठी खिडकीत लावायला सांगितली होती. त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. पण मला महत्त्वाचा वाटतो तो तिसरा गट. त्यांनी आधी ‘कॅलिफोर्निया सुंदर ठेवा’ अशा एका अर्जावर फक्त सही केली होती. विषय निराळा, कामही निराळं. तरी त्यांच्यातले जवळपास निम्मे लोक तो फलक लावायला राजी झाले. संशोधकांचा कयास असा की त्या एका सहीनं त्यांचं स्वतःविषयीचं मत थोडं सरकलं होतं. आपण सार्वजनिक कामात पडणारी माणसं आहोत, असं त्यांना वाटू लागलं होतं.

हे समजायला आपल्याला पालो आल्टोपर्यंत जायची खरं तर गरज नाही. आपल्याकडे माळकरी आहेत.

गळ्यात तुळशीची माळ पडली की माणूस माळकरी होतो. मांसमच्छी सुटते, दारू सुटते, एकादशी सुरू होते, जमेल तशी पंढरीची वारी घडू लागते. माळ घालण्याआधी याच माणसाला घरचे दारू सोड म्हणून वर्षानुवर्षं सांगत असतात. डॉक्टर सांगतात, बायको रडते, पण उपयोग होत नाही. माळ पडते आणि गोष्ट बदलते. असं नेहमीच घडतं असं नाही, पण आपल्यातल्या प्रत्येकानं असं एक तरी घर पाहिलेलं असतं. काय होतं नेमकं? एक तर, रोज नव्यानं ठरवावं लागत नाही. ‘आज घेऊ की नको’ हा प्रश्नच उरत नाही, कारण माळकरी घेत नाही. दुसरं, आजूबाजूचे लोक सांभाळून घेतात. लग्नाच्या पंगतीत कुणी आग्रह करायला गेलंच तर दुसरा म्हणतो, “अहो, ते माळकरी आहेत.” आणि तिसरं, माळ दिसते. ती गळ्यात असते, त्यामुळे आपली ओळख लोकांच्या नजरेतूनही परत आपल्याकडे येत राहते. दारू पिऊ नका असं सांगणं ही आज्ञा झाली. माळकरी हे नाम आहे. आज्ञा बाहेरून येते आणि सांगणारा निघून गेला की ढिली पडते. नाम अंगाला चिकटतं.

मराठीनं अशी नामं निसर्गाच्या बाबतीतही घडवली आहेत. सर्पमित्र, पक्षिमित्र, वृक्षमित्र. घरात साप निघाला की आज विक्रोळीतही लोक आधी ‘सर्पमित्राला बोलवा’ म्हणतात. रात्री दोन वाजता फोन आला तरी पिशवी आणि काठी घेऊन निघणारा हा मुलगा बहुतेकदा प्राणिशास्त्र शिकलेला नसतो. दिवसा कुठं तरी नोकरी करतो. त्याला घराबाहेर काढतो तो त्याच्या नावापुढे लागलेला तो एक शब्द. ‘साप मारू नका’ असं कितीही फलकांवर लिहिलं तरी जे झालं नसतं, ते ‘सर्पमित्र’ या शब्दानं गावोगाव झालं.

मग ‘पर्यावरणवादी’ या शब्दाचं असं का झालं नाही? मला वाटतं, त्यातल्या ‘वादी’नं घोटाळा केला. वादी म्हटलं की प्रतिवादी आला, कोर्ट आलं, पक्ष आले. आपल्यापैकी बहुतेकांना हा शब्द वर्तमानपत्रात भेटला आणि तिथं तो ‘विरोध’ या शब्दाच्या शेजारीच छापलेला असायचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. पुढच्या वर्षी कारशेड आपल्या शेजारी कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, त्याला उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा आरेत गेलं. ज्यांनी ती झाडं वाचवायला रात्र जागवली, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण या सगळ्या गदारोळात ‘पर्यावरणवादी’ हे एका बाजूचं नाव होऊन बसलं. दोरीवर पिशव्या वाळवणाऱ्या बाईला ते आपलं वाटेना.

हे फक्त आपल्याकडे घडलेलं नाही. अमेरिकेत गॅलप ही संस्था लोकांना विचारत आली आहे, तुम्ही स्वतःला पर्यावरणवादी समजता का? १९९१ साली ७८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. २०१६ साली फक्त ४२ टक्के. १९९१ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांच्या समर्थकांत हे प्रमाण सारखंच होतं. २०१६ मध्ये डेमोक्रॅट समर्थकांत ते निम्म्याहून थोडं वर राहिलं आणि रिपब्लिकन समर्थकांत पाव हिश्शावर आलं. हवा-पाणी दोघांचं एकच, पण शब्द एका गोटाचा झाला आणि दुसऱ्या गोटानं तो टाकून दिला.

आता कुणी म्हणेल, काकू स्वतःला काही का म्हणेनात, पिशव्या तर धुतात ना? काम झाल्याशी मतलब. मलाही आधी असंच वाटायचं. पण कन्नमवार नगर बदलतंय. या म्हाडा वसाहतीतल्या जुन्या बैठ्या बांध्याच्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जाताहेत आणि तिथं टॉवर उभे राहताहेत. काकूंचा मुलगा अशाच एका टॉवरमध्ये राहायला गेला. तिथं गॅलरी नाही, त्यामुळे दोरी नाही. रद्दीवाल्याला गेटच्या आत सोडत नाहीत. बोहारीण तर तिथल्या मुलांनी पाहिलेलीच नाही. किराणा मोबाइलवरून येतो, प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात. मुलगा वाईट नाही, उधळ्या नाही. आईची काटकसर त्याला आईच्या गरिबीचा भाग वाटत होती, आणि गरिबी संपली तेव्हा काटकसरही तिच्याबरोबर गेली.

मला इथं खरी मेख दिसते. सवय गरजेतून आलेली असेल आणि तिला दुसरं काही नाव नसेल, तर गरजेबरोबर ती निघून जाते. एका पिढीनं कमावलेलं शहाणपण दुसऱ्या पिढीला वारसा म्हणून मिळत नाही, ते हलाखीची आठवण म्हणून मागं टाकलं जातं.

बेल्जियममध्ये खेर्ट कॉर्नेलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच्यावरचा उपायही सुचवतो. त्यांनी लोकांना नवं काही करायला सांगितलं नाही. तुम्ही रोज जे सहज करता, त्यातलं काय काय पर्यावरणाला धरून आहे, एवढंच त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यानंतर ती माणसं स्वतःकडे पर्यावरणाची काळजी घेणारी म्हणून पाहू लागली आणि खरेदी करतानाही त्यांचा कल तिकडे झुकला. ग्रोनिंगनच्या गटालाही पुढे असंच दिसलं. माणसाला त्याच्या आजवरच्या चांगल्या कृतींची आठवण करून दिली की ही ओळख बळावते. आणि त्या कृती जितक्या जास्त, जितक्या अवघड, जितक्या चारचौघांहून वेगळ्या, तितकी ती अधिक बळावते. चाळीस वर्षं पिशव्या धुणं या तिन्ही कसोट्यांना उतरतं. ते फक्त कुणी मोठ्यानं बोलून दाखवलेलं नाही.

शिकागोतल्या एका शाळेतला प्रयोग तर प्रत्येक शिक्षकानं वाचावा असा आहे. रिचर्ड मिलर, फिलिप ब्रिकमन आणि डायना बोलेन यांनी तो १९७५ साली प्रसिद्ध केला. पाचवीचे वर्ग होते. एका वर्गाला कचरा टाकू नये, स्वच्छता राखावी, प्रदूषण वाईट, असं रोज समजावून सांगितलं गेलं. दुसऱ्या वर्गाला उपदेश केलाच नाही. तुमचा वर्ग किती स्वच्छ असतो, तुम्हाला पर्यावरणाची जाण आहे, असं बाई म्हणाल्या. मुख्याध्यापक येऊन तसंच म्हणून गेले. तुमचा वर्ग झाडायला सोपा जातो, अशी चिठ्ठी सफाई कामगारानं ठेवली. मग मुलांना कागदात गुंडाळलेल्या गोळ्या वाटल्या आणि कागद कुठं जातात ते पाहिलं. ज्यांना ‘तुम्ही स्वच्छ आहात’ असं सांगितलं होतं, त्या वर्गाचे कागद डब्यात जाण्याचं प्रमाण उपदेश ऐकलेल्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त निघालं. दोन आठवड्यांनीही फरक टिकून होता. उपदेशात एक न बोललेलं वाक्य असतं, ‘तुम्ही अस्वच्छ आहात.’ मुलांना ते बरोबर ऐकू येतं.

गाडगेबाबांना हे कुठल्याही प्रयोगाशिवाय कळलं होतं. गावात शिरले की ते आधी खराटा घेऊन स्वतः झाडू लागत. गाव बघता बघता त्यांच्यामागे झाडू लागे. कीर्तन रात्री.

याउलट आपल्या सरकारी योजनांचा भर दंडावर राहिला. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. जूनमध्ये कारवाई सुरू झाली तेव्हा बाजारात कापडी पिशव्यांची एकच लाट आली. काही महिन्यांत पातळ पिशव्या भाजीच्या हातगाड्यांखालून हळूच डोकावू लागल्या. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तो हवाच, कारण उत्पादकाला ओळखीचं आवाहन करून भागत नाही. पण दंडाच्या भीतीनं घेतलेली पिशवी माणसाला स्वतःविषयी काहीच सांगत नाही. तो मनाशी म्हणतो, पकडतील म्हणून घेतली. बेम यांच्या म्हणण्याचा व्यवहारातला अर्थ हाच. ज्या कृतीचं कारण बाहेर दिसतं, तिच्यातून आतली ओळख तयार होत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात संगणकावर शपथ घेण्याची सोय आहे, ती दंडापेक्षा बरी दिशा आहे. मात्र बटण दाबून घेतलेली शपथ आणि चाळीस वर्षं धुतलेल्या पिशव्या यांचं वजन एक नाही.

इथं एक गंभीर इशारा द्यायलाच हवा, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. स्वतःला पर्यावरणप्रेमी समजणारा माणूस प्रत्यक्षात निसर्गावर कमी भार टाकतोच, असं नाही. जर्मनीत स्टेफनी मोझर आणि सिल्के क्लाइनह्यूकेलकोटेन यांनी तिथल्या एका मोठ्या पाहणीच्या आधारे हे तपासलं. त्यांचा लेख २०१८ चा. हिरवी ओळख असलेले लोक सेंद्रिय माल घेतात, विचारपूर्वक खरेदी करतात, हे खरं निघालं. पण माणूस एकूण ऊर्जा किती वापरतो, हे ठरवणारी मोठी गोष्ट निघाली उत्पन्न. पैसा वाढला की घर मोठं होतं, गाडी येते, विमानप्रवास वाढतो. लहान लहान चांगल्या कृती त्या वाढीपुढे पुऱ्या पडत नाहीत.

म्हणजे वन रूम किचनमध्ये पंख्यावर राहणाऱ्या, लोकलनं फिरणाऱ्या, ‘आम्ही कुठले पर्यावरणवादी’ म्हणणाऱ्या काकूंचा भार सर्वांत कमी. आणि पर्यावरणाविषयी भरभरून वाचणाऱ्या, मनापासून काळजी करणाऱ्या, तीन एसीच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारख्या वर्गाचा भार त्यांच्या कितीतरी पट. ओळखीचं काम आमच्याकडे झालंय आणि कृती त्यांच्याकडे आहे. ही दोन टोकं जुळवायची असतील तर आमच्या ओळखीनं अवघड कृतींना हात घालायला हवा. एसीचं तापमान, दुसरी गाडी, दर दोन वर्षांनी बदलला जाणारा फोन. ज्यात काही सोडावं लागतं, तीच खूण टिकते. माळकऱ्याची माळ टिकते ती तिच्यासाठी ताटातलं काही गेलेलं असतं म्हणून.

आणि विक्रोळीकराला ही चर्चा हवेतली वाटायचं कारण नाही. आपल्या उत्तरेला, खाडीच्या काठावर, कांजूरमार्गचं डम्पिंग ग्राउंड आहे. मुंबईचा बहुतांश कचरा आता तिथं येतो. विक्रोळी, कांजूर, भांडुपच्या रहिवाशांनी त्या दुर्गंधीविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, मोर्चे काढले. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला की तिथल्या सुमारे १२० हेक्टर जमिनीचा संरक्षित वनाचा दर्जा काढणं बेकायदा होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. न्यायालयात काय व्हायचं ते होईल. पण नाकाला रुमाल लावून मोर्चात गेलेली माणसं घरी आल्यावर एकाच काळ्या पिशवीत भाताचं खरकटं आणि बिस्किटाचे पुडे एकत्र भरतात, तेव्हा तुटलेली कडी दिसते. ‘त्रास होणारा’ ही ओळख त्यांच्याकडे आहे. ‘जपणारा’ ही ओळख अजून त्यांना कुणी दिलेली नाही.

जपण्याची परंपरा तर विक्रोळीतच आहे. गोदरेजांच्या मालकीची खाडीलगतची तिवरांची जमीन कंपनीनं गेल्या कित्येक दशकांपासून राखली, तिच्या अभ्यासासाठी केंद्र काढलं. मुंबईत खाडी म्हणजे भराव घालायची जागा, असं समजणाऱ्या काळात एका कारखानदार घराण्यानं आपण तिवरांचे राखणदार आहोत असं ठरवलं आणि ते पिढ्यान् पिढ्या निभावलं. संस्थेलाही ओळख असते, याचा इतका जवळचा पुरावा दुसरा नाही. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेली. खाडीच्या काठावर तिवर, चिप्पी, काजळा उभे आहेत. कन्नमवार नगर आणि टागोर नगरमधल्या किती मुलांनी ती झाडं नावानं ओळखून पाहिली असतील?

सोसायट्यांच्या सचिवांना माझी विनंती आहे. फलकावरची ‘कचरा वेगळा न केल्यास दंड’ ही ओळ राहू द्या, पण तिच्यावर आणखी एक ओळ लिहा: आपल्या इमारतीत इतकी घरं कचरा वेगळा करतात. आकडा खरा असू द्या. बारा असतील तर बाराच लिहा आणि तेरावं घर आलं की खोडून तेरा करा. शिक्षकांनो, पावसाळा संपला की वर्गाला खाडीवर न्या आणि परत आल्यावर मुलांना निबंध लिहायला लावू नका, तिवरमित्र म्हणा. आणि ज्यांच्या घरी अजून दोरीवर दुधाच्या पिशव्या वाळताहेत, त्यांनी आज संध्याकाळी त्या वाळवणाऱ्या बाईला, नातवंडांच्या देखत, सांगावं की तू जे करतेस त्याला पर्यावरण जपणं म्हणतात.